जावेची चूल

माझ्या जावेच्या दाराला सागवानाची कोरीव चौकट होती आणि माझ्या दाराला रॉकेलच्या डब्यांचा पत्रा ठोकलेला होता. एवढ्यावरून कोणी जन्मभर जळतं का, असं तुम्ही म्हणाल. जळतं बाप्पा, मी जळले. साग आमच्या मुलखात नवलाचा नाही, जंगलंच सागाची. पण त्या चौकटीवर वेली कोरल्या होत्या, आणि सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं की माझं अर्धं काम तसंच राहून जायचं.

आमचं गाव वांकिडीच्या बाजूचं. मी सून होऊन आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. घरात दोघं भाऊ, माझा नवरा आणि माझे भासरे. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ते अंगणात आले की मी आत, आणि मी बाहेर आले की ते खाकरून दुसरीकडे. त्यांची बायको ती माझी जाऊ. गोरी, उंच, हसली की गालाला खळी. मला तर पहिल्या दिवसापासून ती खळीच खुपत होती.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि पुढच्या वर्षी आमच्याही घरात वाटणी झाली. जुनं दोन खोल्यांचं घर आमच्या वाट्याला आलं. भासऱ्यांनी घराच्या बदल्यात बैलजोडी घेतली. मला वाटलं, जिंकलो! आता ही जाईल कुठंतरी गावाबाहेर कुडाच्या खोपटात. मनातल्या मनात मी तिचं खोपटं बांधूनही ठेवलं होतं, चारी बाजूंनी गळणारं.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या भिंतीला लागून राहणाऱ्या म्हातारा-म्हातारीनं घर विकायला काढलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हातारीचा भाऊ राजुऱ्याकडे, थोडं शेत तिकडेच, म्हणून ती दोघं तिकडे निघाली. भासऱ्यांनी बैल विकले, जावेनं अंगावरचं सोनं उतरवलं आणि ते घर घेतलं. पाच खणांचं घर. मागं विहीर, विहिरीशी डाळिंबाचं झाड, आणि पुढं ती चौकट. तेही माझ्या नाकासमोर! देवालाही दुसरी जागा सापडली नाही.

सौदा कसा झाला तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कडुनिंबाखाली चार माणसं बसली. साध्या कागदावर बैनामा लिहिला, म्हणजे घर विकल्याचा कागद. म्हाताऱ्यानं सही केली, दोघा गवाहांनी अंगठे उठवले, सुपारी फोडली, चहा झाला. शिक्का नाही, नोंदणी नाही. राज्य नुकतंच बदललेलं. कचेरीत आता कोण बसतं, कोणाचा शिक्का चालतो, हे धड कोणालाच ठाऊक नव्हतं. "पाहू पुढं," असं म्हणाले सगळे. आणि खरं सांगायचं तर नोंदणीची गरज कोणाला वाटलीच नाही. आमच्या लोकांच्या लेखी घराची नोंदणी चुलीवर होते.

म्हणजे असं. घर विकलं की विकणारीनं आपली चूल आपल्या हातानं मोडायची, तिच्या मातीचं एक ढेकूळ पदरात बांधून न्यायचं आणि नव्या घरच्या चुलीच्या मातीत ते कालवायचं. घेणारीनं मग त्या जागी आपली चूल घालायची. पण घर भाड्यानं दिलं असेल किंवा नुसतं राखायला दिलं असेल, तर मालकीण चूल तशीच ठेवते, कारण ती परत यायची असते. हे लहान पोरीलाही माहीत. पुरुषांना मात्र धड माहीत नसतं, कारण ते तेव्हा कडुनिंबाखाली चहा पीत असतात.

म्हातारीची चूल मागच्या पडवीत होती, आणि आमच्या दोन परसांमधली मातीची भिंत वाहून वाहून छातीएवढीच उरली होती. मी कपडे वाळत घालायचं निमित्त करून तिथं उभी. म्हातारीनं खुरपं घेतलं. पहिला घाव घातला तेव्हा चूल फुटली नाही, तशी ती खुरपं टाकून हातानंच माती ओढायला लागली. रडत होती. जाऊ बाजूला उभी होती, तिनं म्हातारीचा हात धरला नाही की तिला मदत केली नाही. तशी रीतच आहे, दुसरीनं हात लावायचा नाही. मग म्हातारीनं एक ढेकूळ पदरात बांधलं, तुळशीला हात जोडले आणि गेली. संध्याकाळी जाऊ गुडघे टेकून माती मळत होती. त्या मळणाऱ्या हातांकडे पाहून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते वर्षानुवर्षं थांबलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात तिनं विहिरीवर नवा रहाट बसवला. मी अजून गावच्या विहिरीवर घागर घेऊन जायची. दुसऱ्या वर्षी छपरावरची कवेलू बदलली. मग पडवीला दगडी फरशी. मग मातीची भिंत पाडून विटांची घातली, तीही पुन्हा छातीएवढीच! मी नवऱ्याला म्हटलं, "भिंत घालाची तं माणसाच्या डोक्यावर घालाव का नाई? इले मले दाखवाचं हाये सारं." नवरा तंबाखू मळत म्हणाला, "तू नोको पाहू मंग." अरे वा! ती दाखवणार आणि मी पाहायचं नाही? मी पाहिलं. रोज पाहिलं. डाळिंबं मोजली, तिच्या दारी आलेले पाहुणे मोजले, तिनं चौकटीला किती वेळा तेल पाजलं तेही मोजलं. ती कधी डाळिंब द्यायला भिंतीशी यायची तर मी म्हणायची, "ठिवा बाई तिथं, हात खरकटे हायेत." आणि ती गेली की घ्यायची. गोड असायचं, हाही तिचाच दोष.

मग राज्यांची पुन्हा वाटणी झाली. राजुरा मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्रात राहिलो. काल एका जिल्ह्यात असलेली सोयरीक आज परराज्यात. म्हातारी आधीच वारली होती, त्या वर्षी म्हातारा गेला, आणि दिवस होतात न होतात तोच म्हाताऱ्याचा पुतण्या गावात हजर. पांढरं धोतर, हातात छत्री. म्हणाला, "काकांनी घर राखाले देलं होतं, विकलं नाई. विकलं असन तं नोंदणी दाखवा." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

त्यानं आसिफाबादच्या कोर्टात दावा लावला. भासऱ्यांनी ट्रंकेतला कागद काढला. वकिलानं तो उलटापालटा केला आणि सांगितलं की नोंदणी नसलेला बैनामा म्हणजे अर्धाच कागद. त्यानं मालकी पुरी होत नाही. पण पैसे देऊन, कागद करून, मालकानं आपण होऊन कब्जा दिला असेल आणि घेणारा मालकासारखा नांदत असेल, तर त्याला घराबाहेर काढता येत नाही. "कब्जा कसा दिला ते डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आणा," वकील म्हणाला. दोघा गवाहांतला एक मेला होता. दुसरा राजुऱ्याकडे पुतण्याच्या शेजारी राहायला गेला होता, आणि त्याला आता काहीच आठवत नव्हतं.

तेव्हा म्हणे माझी जाऊ वकिलाला म्हणाली, "मायी धाकटी जाऊ. ते सारं पाह्यते."

मला न विचारता! समन्स दारात आलं तेव्हा मला कळलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. गरज हिची, घर हिचं, आणि विचारायला दोन पावलं भिंतीशी यायला हिला जड. संध्याकाळी आली खरी, वाटी घेऊन. "इरजन हाये का वो?" एवढंच. तिच्या घरात दूधदुभतं माझ्याहून जास्त, विरजणाची हिला काय तूट? मी वाटीत विरजण घातलं. ती थोडी थांबली. मीही थांबले. मग ती गेली. तोंडानं मागितलं असतं तर जीव गेला असता का तिचा?

दुसऱ्या दिवशी पुतण्या आमच्याकडे आला. नवऱ्यासमोर बाजेवर बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "वहिनीले म्हना, पेशीले जाऊ नोका. ताप आला म्हनाचं. घर माया ताब्यात आलं की तुमालेच देतो. तुमाले झेपन त्या भावात. पक्की नोंदणी करून."

मी दाराआड उभी होते. खोटं कशाला बोलू, मी दाराला कान लावला. ते घर! ती चौकट, विहीर, रहाट, फरशी, डाळिंब, सगळं माझं. आणि तेही नोंदणीसकट, जे हिच्याजवळ कधी नव्हतंच. सुंठीवाचून खोकला जाणार होता. पुतण्या गेल्यावर नवरा तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "घर तं चांगलं हाये."

"चांगलंच हाये," मी म्हटलं.

"मंग?"

मी त्या घरात मनानं राहायला गेले. खरंच गेले. चौकटीतून आत शिरले, फरशीवर पाय ठेवला, विहिरीचं पाणी काढलं, आणि भाकरी टाकायला पडवीत गेले. तिथं तिची चूल. आता ही चूल कोणी मोडायची? मी हात लावायचा नाही, तिनंच मोडायला हवी. आणि ती मोडणार नाही, मला ठाऊक होतं. कोर्टाचा शिपाई येऊन तिला हाताला धरून बाहेर काढेल, पण चुलीला ती खुरपं लावणार नाही. मग मी जन्मभर त्या घरात तिच्या चुलीवर रांधायचं? माझं सगळं मनातलं घर तिथंच बसलं. असा राग आला मला! जिथं ही नाही तिथंही ही आडवी.

पेशीच्या दिवशी, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, आम्ही बैलबंडीनं निघालो आणि पुढं सडकेवर बस धरली. भासरे पुढं, मी पदर ओढून मागं, जाऊ माझ्याशेजारी.

कोर्टात मुन्सिफ नवे आलेले, तेलुगू बोलणारे. त्यांना मराठी कळेना. पेशकार, म्हणजे कोर्टाचा कारकून, माझं बोलणं उर्दू-हिंदीत करून सांगणार होता. मी उभी राहिले आणि पाहते तो समोर भासरे बसलेले. ज्यांच्यासमोर इतक्या वर्षांत खोकलेही नव्हते, त्यांच्यासमोर साक्ष देऊ? पेशकार म्हणाला, "बोला बाई." तो पुन्हा म्हणाला. मी पदर आणखी खाली ओढला. पुतण्याचा वकील हसायला लागला.

तेव्हा भासरे उठले. कोणी सांगितलं नव्हतं. टोपी सारखी केली, बाहेर व्हरांड्यात गेले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. मग मी पदर कपाळापर्यंत सरकवला आणि बोलायला लागले.

चुलीचं सगळं सांगितलं. खुरपं, हातानं ओढलेली माती, पदरातलं ढेकूळ. आमच्यात विकलेल्या घराचीच चूल मोडतात, राखायला दिलेल्याची नाही, हेही सांगितलं. पेशकार स्वतः आदिलाबादकडचा असावा. त्यानं मान हलवत मुन्सिफांना सांगितलं. मग पुतण्याचा वकील उठला. म्हणाला, ठीक आहे, चूल मोडली असेल, पण त्यानंतर ही माणसं राखणदारासारखीच राहत होती.

मी म्हटलं, "राखणदार दुसऱ्याच्या हिरीवर रहाट बसवते काय? त्याच्या छपराची कवेलू बदलते? पडवीले फरशी घालते?" आणि मग मी थांबलेच नाही. कोणत्या वर्षी काय केलं, कवेलू कुठल्या गावची, फरशी कोणत्या गाडीवानानं आणली, भिंतीला कोणता गवंडी होता, चौकटीला दर दिवाळीच्या आधी जवसाचं तेल, एका वर्षी जवस पिकला नाही तर एरंडीचं. वर्षानुवर्षं पोटात साठलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं.

वकिलानं हात वर केला. "बाई, इतना सब कैसे याद है? पढाके लाए?"

कोणी पढवलं म्हणतो मला! माझं डोकंच फिरलं. "पढवाले कोन लागते?" मी म्हटलं. "जळत होती मी! रोज जळत होती. तिले एवढं चांगलं घर, अन् मले टिनाचं दार. म्हून पाह्यत होती. ज्याचं पोट दुखते त्याले ध्यानात राह्यते, साहेब."

मराठी कळणारे सगळे आधी हसले. मग पेशकारानं उलगडून सांगितलं तेव्हा मुन्सिफ हसले. तेलुगूत काहीतरी बोलले, ते मला कोणी सांगितलं नाही. जाऊ बाकावर बसली होती. ती हसली नाही. व्हरांड्यातल्या पाठीवरून मला काही कळलं नाही, पण माझा आवाज तिथवर गेला नसेल असं मुळीच नाही.

दावा खारीज झाल्याची बातमी पुढं काही महिन्यांनी आली. संध्याकाळी जाऊ भिंतीशी आली. या वेळी वाटी नव्हती. तिनं दोन्ही कोपरं भिंतीवर टेकवली आणि म्हणाली, "हे भित म्याच ठेंगनी ठिवाले लावली होती. गवंडी म्हने, डोक्याच्या वर नेतो. म्या म्हटलं, नोको."

"काऊन?" मी विचारलं.

"एवढं घर घेतलं, अन् तू पाह्यलं नाई तं काय मजा?"

आणि हसली, खळी पाडून. मला वाटलं, भिंतीवरून हात घालून तिची वेणी ओढावी. घर वाचवलं मी आणि जिंकली ही! "आता तं उंच करा," मी म्हटलं. "आता तं बिलकुल नाई," ती म्हणाली आणि ओच्यातलं डाळिंब भिंतीवर ठेवून गेली.

त्यानंतरही मी जळायची सोडली नाही. ती म्हातारी झाली, मीही झाले. भासरे गेले, माझा नवरा गेला. तिचे मुलगे कोळसा खाणीत बेल्लमपल्लीला लागले आणि तिकडेच क्वार्टरमध्ये राहू लागले. शेवटपर्यंत ती एकटी त्या घरात होती. मुलांनी गॅस आणून दिला तरी सकाळचा चहा मागच्या चुलीवरच करायची. धूर दिसला की मला कळायचं, उठली बाई.

ती गेल्यावर मुलांनी घर विकलं. या वेळी सगळं पक्कं. वारसांच्या सह्या, मोजणी, नोंदणी, फोटो, अंगठे. एका दिवसात मोकळे. थोरला मला भेटायला आला. "काकू, सारं झालं. उद्या किल्ली देतो."

"अन् चूल?" मी विचारलं.

"कोनती चूल?"

"तुया मायची."

"नोंदणी झाली ना काकू, आता चुलीचं काय?" तो हसून म्हणाला. त्याची बायको गाडीत बसून राहिली होती. ती उतरलीच नाही.

मी खुरपं घेतलं आणि चालत निघाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या चौकटीतून मालकिणीसारखी आत गेले, कोणी "ये वो" म्हणायला नव्हतं. पडवीत चूल होती, राख अजून आत. दुसरीनं हात लावायचा नाही हे मला माहीत होतं. पण लावणारी गेली होती, आणि घरची म्हणावी अशी बाई मीच उरले होते. पहिल्या घावाला फुटली नाही. तिनं घातलेली, पक्कीच असणार! मग मी खाली बसले आणि हातांनी माती ओढली.

ढेकूळ पदरात बांधून आणलं आणि आमच्या गॅसच्या ओट्यावर ठेवलं. सुनेनं पाहिलं. "आई, हे मातीचं ढेकूळ कोनाचं आनलं वो?"

"मायं हाये," मी म्हटलं.